बिनगर्दीचं तिकीट

"साहेब, हे तिकीट या गाडीला चालणार नाही."

रोलंड टेबटला आधी वाटलं, हा माणूस मागच्या सीटवरच्या कुणाशी तरी बोलतोय. त्याने मान वळवून मागे बघितलंसुद्धा. मागे एक टकल्या कानात बोंडं खुपसून झोपला होता. मग त्याच्या लक्षात आलं की तिकीट आपलंच आहे, दोन्ही तिकिटं आपलीच, नारिंगी पट्ट्याची, कोपरे न दुमडलेली, आणि ती या दाढीवाल्या तपासनिसाच्या जाडजूड बोटांत आहेत. छातीवर नाव होतं, एलिस. वय असेल तिशी-पस्तिशीचं. बूट नवे. म्हणजे माणूसही नवा. रोलंड क्षणभर घाबरला आणि लगेच, सवयीने, त्या भीतीवर तुच्छतेचं झाकण बसलं. एकतीस वर्षं वॉर्सबीच्या तिकीट खिडकीत बसलेल्या माणसाला हा सांगतोय, तिकीट चालणार नाही. माशाला पोहायला शिकवतोय.

तो शांतपणे बोलला. मूर्खांशी तो नेहमी शांतपणेच बोलायचा, त्याने मूर्ख जास्त चिडतात हे त्याला माहीत होतं. म्हणाला, हे बघा, पहिलं तिकीट वॉर्सबी ते स्टॅनहॅम. साधं. कुठल्याही वेळेला चालतं. दुसरं स्टॅनहॅम ते लंडन, बिनगर्दीचं. साडेनऊनंतर सुटणाऱ्या गाडीला चालतं. ही गाडी स्टॅनहॅमहून किती वाजता सुटते? नऊ चौतीसला. मग? एलिसने हातातल्या यंत्राकडे बघितलं. यंत्राने लाल दिवा दाखवला होता, आणि लाल दिवा दिसला की अशा लोकांचं डोकं बंद पडतं. तो म्हणाला की गाडी वॉर्सबीहून आठ एक्केचाळीसला सुटली, म्हणजे ही गर्दीच्या वेळेचीच गाडी. रोलंडने सांगितलं की गाडीला गर्दीची वेळ नसते, तिकिटाला असते, आणि तिकीट जिथून सुरू होतं तिथली वेळ धरतात. एलिस म्हणाला, पण मग तुम्ही स्टॅनहॅमला चढायला हवं होतं, तुम्ही तर आधीच बसलेले आहात. हे वाक्य ऐकून रोलंडला जवळजवळ आनंद झाला. इतकं अस्सल, इतकं परिपूर्ण अज्ञान त्याला खिडकी बंद झाल्यापासून भेटलं नव्हतं.

सगळा डबा ऐकत होता आणि कुणीच ऐकत नसल्यासारखं करत होता. ही या लोकांची खासियत. गर्दीच्या वेळेचे लोक. रोलंड यांना आयुष्यभर ओळखून होता. कंपनीच्या पैशाने तिकीट काढायचं, दुप्पट मोजायचे, आणि वर कपाळाला आठी सुद्धा नाही. मांडीवर कॉम्प्युटर, शेजारी सात पौंडांचा दलिया. यांना कधी विचारा, बाबा रे, तुझं तिकीट परतीला साडेचारनंतर चालतं का, तर हा तोंडाकडे बघत राहणार. नियम काय आहे हे माहीत नसणं म्हणजे श्रीमंती, अशी यांची समजूत. आणि गरिबांचं तर विचारूच नका. ते खिडकीशी यायचे, वाकायचे, काचेवर वाफ सोडायचे आणि म्हणायचे, साहेब, स्वस्तातलं द्या. कुठल्या गाडीने जाणार? कुठल्याही. परत कधी? बघू. बघू. या 'बघू'वर अख्खा देश चाललाय असं रोलंडचं मत होतं. मग तो त्यांना सांगायचा, एकेक शब्द सुटा करून, की सकाळी साडेनऊच्या आधी नाही, शनिवारी चालेल, सोमवारी सुट्टी असेल तर तेव्हाही चालेल, पण शुक्रवारी संध्याकाळी लंडनहून साडेचार ते सात या वेळात पाय ठेवाल तर खबरदार. ते मान डोलवायचे. काही कळलेलं नसायचं. पण चेहऱ्यावर एक भाव यायचा, डॉक्टरपुढे येतो तसा. तो भाव रोलंडला आवडायचा. पुढे खिडकी बंद केली, तिथे यंत्र बसवलं, आणि यंत्रापुढे कुणाच्या चेहऱ्यावर तसला भाव येत नाही, लोक त्याला नुसते बुक्के मारतात.

एलिस म्हणाला, साहेब, वाद नको, वरचा फरक भरा नाहीतर स्टॅनहॅमला उतरून पुढच्या गाडीने या. आवाज वाईट नव्हता. उलट तो जरा मऊच होता, म्हाताऱ्या माणसाशी बोलतात तसा, आणि तेच जास्त लागलं. रोलंड चौसष्टचा होता. त्याच्या अंगावर करडा सूट होता, तो दुकानातून घेताना पोरीने फोनवर रंग विचारला होता. वरच्या फळीवर पुठ्ठ्याच्या डबीत कोटाला लावायचं पांढरं फूल होतं, चहाचा थर्मास होता, आणि चीज-लोणच्याचं सँडविच, चांदीच्या कागदात. साडेअकराला लंडनमध्ये, इझलिंग्टनच्या नोंदणी कचेरीत, हेलीचं लग्न होतं. हेली म्हणजे त्याची एकुलती एक. लग्नाच्या वहीत दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. एक नवऱ्या मुलाची बहीण करणार होती. दुसरी सही, हेली म्हणाली होती, बाबा, तू कर. असं सरळ म्हणाली होती. ती सरळ काही म्हणते याचीच त्याला सवय राहिली नव्हती, त्यामुळे त्याने विचारलं होतं, कुठल्या शाईने? आणि ती हसली होती.

खरं तर तिनेच त्याला तिकीट पाठवलं होतं. मार्चमध्ये, टपालाने, कार्डाच्या आत घालून. सात एक्केचाळीसच्या गाडीचं, कुठल्याही वेळेला चालणारं, पूर्ण किमतीचं. मुद्दाम. एक तास आधी पोचेल, अडलं नडलं तर दुसऱ्या कुठल्याही गाडीत बसेल, कुणी काही विचारणार नाही, असा हिशेब तिने केला असणार. रोलंडने ते तिकीट टेबलावर ठेवून दोन दिवस नुसतं बघितलं. त्याला ते तिकीट अंगावर थुंकल्यासारखं वाटलं. माझ्या पोरीने, माझ्या पोरीने गर्दीचं तिकीट काढावं. तिसऱ्या दिवशी त्याने ते परत पाठवून दिलं, सोबत चिठ्ठी. पैसे परत घे. वॉर्सबी ते स्टॅनहॅम आणि स्टॅनहॅम ते लंडन अशी दोन काढली की निम्म्यात होतं, गाडी आठ एक्केचाळीसची, जागेवरून उठायलाही लागत नाही. खाली त्याने नियमाचा क्रमांकही लिहिला होता. त्यावर तिचा फोन आला. ती म्हणाली, बाबा, एका दिवसासाठी तरी. बस एवढंच. एका दिवसासाठी तरी काय, ते तिने सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. त्याला वाटलं, चिठ्ठी नीट वाचली नसेल.

"किती होतात? मी देते."

हे समोरची बाई बोलली. पन्नाशीची, गळ्यात रेशमी रुमाल, पुढ्यात निळ्या बोरांची डबी. बोलता बोलता तिने पर्समधून कार्ड काढलंसुद्धा आणि एलिसपुढे धरलं, जसं काही चहाचं बिल. म्हणाली, कार्य दिसतंय यांच्याकडे, जाऊ दे ना, कशाला चांगल्या दिवशी. रोलंडच्या कानशिलात रक्त चढलं. त्याला तिच्या नखांवरचा रंग दिसला, बोरांच्या डबीवरची किंमत दिसली, तिचे ते समजूतदार डोळे दिसले, आणि त्याला ग्लेनिस आठवली. त्याची बायको. होती तेव्हाची. नोव्हेंबर होता, हेली आठ वर्षांची, एडिंबराला मावशीकडे निघाले होते तिघं. स्टेशनवर सव्वाआठलाच पोचले आणि साडेनऊची वाट बघत बाकावर बसले, कारण तिकीट बिनगर्दीचं. समोरून तीन गाड्या गेल्या. तिन्ही रिकाम्या. दिवे लावलेले, उबदार, आत एकेक माणूस. हेलीच्या मोज्यात पाणी गेलं होतं आणि ती प्रत्येक गाडीकडे बोट करून विचारायची, ही आपली? आणि तो म्हणायचा, नाही, ही आपली नाही. का नाही? कारण ही गर्दीची आहे. पण यात तर कुणीच नाही बाबा. त्याला तेव्हा तिचं कौतुकच वाटलं होतं, पोरगी मुद्द्याचं विचारते. त्याने तिला नीट समजावून सांगितलं की गर्दी ही माणसांवर नसते, घड्याळावर असते. ग्लेनिस उठली, खिडकीशी गेली, त्याच्याच खिडकीशी, आणि तिथे बसलेल्या पोऱ्याकडे तिने तिघांचा फरक भरला. आणि तरी तो पुढच्या गाडीत बसला नाही. त्या दोघी बसल्या. तो साडेनऊनंतरच्या गाडीने गेला. एडिंबराला उतरल्यावर त्या दोघी फलाटावर थांबलेल्या होत्या, हेलीच्या पायात नवे मोजे होते, लाल, आणि ग्लेनिसने त्याच्याकडे या बोरवाल्या बाईसारखंच बघितलं होतं. समजूतदारपणे. पुढच्या वर्षी ती त्याला सोडून गेली. आता ती बॅरीबरोबर राहते. बॅरी मोटारीने येतो. बॅरी सगळीकडे मोटारीने जातो आणि पार्किंगला पडेल ते भरतो, दरही विचारत नाही. बॅरीही आज येणार होता.

"बाई, माझ्याकडे पैसे आहेत," रोलंड म्हणाला. "प्रश्न पैशाचा नाही."

"मग कशाचा आहे?" बाईने विचारलं. खरोखरच विचारलं, टोमणा नव्हता. अशा लोकांना काय सांगायचं. गोष्ट एवढी उघडी होती की सांगायला गेलं तर तिची लाज वाटली असती. एलिसला तो म्हणाला, मी स्टॅनहॅमला उतरतो, तुम्हीही उतरा, तिथल्या खिडकीत मॉयरा आहे, तिला मीच काम शिकवलंय, तिला विचारू. एलिसने खांदे उडवले. गाडी हळू होत होती. शेतं, मग गोदामं, मग घरांच्या मागच्या बाजू, वाळत घातलेली चादर, पोहण्याच्या प्लास्टिकच्या टाकीत साचलेलं हिरवं पाणी. रोलंड उभा राहिला. टकल्याने एक डोळा उघडून बघितलं आणि मिटला. रोलंडला वाटलं, सगळ्या डब्याला हायसं वाटतंय. उतरतोय एकदाचा. याच लोकांसाठी, मनात आलं, याच गाढवांसाठी मी एकतीस वर्षं नियम पाठ केले, दर मे महिन्यात बदललेले, दर डिसेंबरात पुन्हा बदललेले, रात्री जेवताना, हागताना, बायको बोलत असताना.

फलाटावर ऊन होतं. खिडकी दारापासून दहा पावलांवर. मॉयरा आता जाड झाली होती, चष्मा साखळीला, पण त्याला बघून तिचा चेहरा उजळला. म्हणाली, अगं बाई, रोलंड, आणि हा सूट कसला, मेलं कोण? त्याने काचेखालून दोन्ही तिकिटं सरकवली. तिने एकदा बघितलं, एकदाच, आणि चष्म्यावरून एलिसकडे बघून म्हणाली, बरोबर आहे की. इथून पुढचं तिकीट, इथली वेळ धरायची. यंत्र गाडीची वेळ धरतं, यंत्र येडं आहे. बसू दे त्यांना.

आता सांगायचं म्हणजे इथे सगळं मिटलं होतं. एलिस भला माणूस निघाला. त्याने टोपी काढली, मान खाजवली, म्हणाला, साहेब, चुकलं माझं, दुसराच आठवडा आहे, माफ करा, चला. हे तो मनापासून म्हणाला. दार उघडं होतं. आत बोरवाली बाई काचेला लागून बघत होती आणि तिने अंगठा वर केला. रोलंडच्या अंगातून एक लाट गेली, गोड, गरम, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. तो बरोबर होता. सगळ्यांसमोर बरोबर होता. पण लाट ओसरायला लागली तसं त्याच्या लक्षात आलं की बाकी काहीच झालेलं नाही. टकल्या झोपलेलाच आहे. लोक फोनमध्येच आहेत. त्या बाईला तर कळलेलंही नाही की कोण बरोबर होतं, तिला नुसता आनंद झालाय, कुत्रं सापडल्याचा होतो तसा. हा एलिस उद्या दुसऱ्या कुणाला असाच उतरवेल. आणि आपण आत जाऊन बसायचं, डोळे खाली घालून, क्षमा केलेल्या माणसासारखं? एकदा मिटलं की मिटलं. कुठे लिहिलेलंच नसणार.

"लिहून द्या," तो म्हणाला.

एलिसला कळलं नाही. रोलंडने पुन्हा सांगितलं की तुम्ही वैध तिकीट नाकारलंत, तसं लिहून द्या, नाव, क्रमांक, गाडी, वेळ. एलिस म्हणाला, साहेब, आत बसा, आत देतो लिहून, शपथ. रोलंड म्हणाला, आत नाही, इथे, मॉयरासमोर, साक्षीला. एलिसने खिसे चाचपले. पेन नव्हतं. रोलंडने स्वतःचं काढून दिलं, शाईचं, नवीन भरलेलं. मॉयरा खिडकीतून म्हणाली, रोलंड, चढ रे राजा. कागद हवा म्हणाला तर तिने छापील तक्रारीचा फॉर्म खालून सरकवला आणि तेवढ्यासाठी तिला स्वतःच्या हाताचा राग आलेला दिसला. एलिसने फलाटाच्या भिंतीवर फॉर्म टेकवला, पहिल्या ओळीत आपलं नाव लिहिलं, दुसऱ्या ओळीत क्रमांक चुकवला, खोडला. रोलंड म्हणाला, खोडाखोड नको, बाजूला आद्याक्षरं घाला. झेंडीवाल्याने घड्याळ बघितलं, शिट्टी तोंडात धरली. एलिस म्हणाला, साहेब, मला जायला लागेल, या ना, या. फॉर्म आणि पेन रोलंडच्या हातात देऊन तो मागे मागे सरकत दारात गेला. एक हात त्याने दाराच्या कडेला लावून धरला होता आणि दुसरा रोलंडकडे केला होता, पंजा उघडा, पाण्यातून कुणाला काढायला करतात तसा. रोलंडला तो हात दिसत होता. वेळेचा रकाना भरायचा राहिला होता. तो फॉर्मवर वाकला आणि नीट, वळणदार अक्षरात त्याने लिहिलं, नऊ चौतीस. दार पी पी करत बंद झालं.

गाडी गेली. थर्मास गेला, सँडविच गेलं, फूल गेलं. पुढची दहा चौतीस. लंडनला अकरा बावन्न. हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

तासभर तो मॉयराच्या खोलीत बसला. तिने चहा दिला, बिस्किटं दिली. तो फॉर्म भरत होता. किती उशीर झाला, त्यात तीन चौकोन होते, अर्धा तास, एक तास, त्याहून जास्त. प्रवासाचं कारण, त्यात कामधंदा, मौजमजा आणि इतर. त्याने आधी इतरवर खूण केली, मग कसल्याशा रागाने मौजमजावर केली, मग बाजूला आद्याक्षरं घातली. मॉयराने विचारलं की जायचंय कुठे एवढं. त्याने सांगितलं. ती उभीच राहिली. मग तिने एक शिवी दिली, त्याला की सगळ्या जगाला ते कळलं नाही, आणि पोरीला फोन केलास का म्हणून विचारलं. तो म्हणाला, करतो. केला नाही. काय सांगायचं ते मनात जुळवत होता, आणि दर वेळी वाक्य तिकिटापासूनच सुरू व्हायचं. दुसऱ्या कुठून सुरू करता येईल हे त्याने प्रामाणिकपणे शोधून बघितलं. खिडकीबाहेर मॉयराचं एक गिऱ्हाईक म्हणत होतं, परत कधी ते अजून ठरलं नाही, बघू. रोलंडच्या ओठावर आपोआप तुच्छतेचं हसू आलं, आणि ते तिथेच राहिलं, कुणीतरी विसरून गेलेल्या छत्रीसारखं. गाडीत बसल्यावरही त्याला ते काढता येईना. तोंडाच्या कडा दुखायला लागल्या.

अकरा चोवीसला फोन वाजला. मागे खुर्च्या सरकत होत्या, कुणीतरी हसत होतं, बॅरीच असणार, तो नेहमी नाकातून हसतो.

"बाबा, कुठे आहेस?"

"ऐक," रोलंड म्हणाला. "तिकीट बरोबर होतं. ते चुकले. मॉयराने सांगितलं, त्यांनी कबूल केलं, माझ्याकडे लेखी आहे."

मग त्याने बाकीचं सांगितलं, थोडक्यात, वेळा घालून. स्टॅनहॅम, फॉर्म, दार. त्याचा आवाज जितका सरळ ठेवायचा तितका त्याने ठेवला. अकरा बावन्नला पोचतो म्हणाला. टॅक्सी करतो म्हणाला. टॅक्सीत तो जन्मात दोनदा बसला होता. ती म्हणाली, नोंदणीवाल्या बाई थांबायला तयार नाहीत, पुढचं जोडपं बाहेर उभं आहे, त्यांची वेळ बाराची.

"मग सही?"

"बॅरी करतोय."

डब्यात कुणीतरी संत्रं सोलत होतं. तो वास त्याच्या नाकात गेला. त्याला वाटलं, आता ती रडेल, किंवा ओरडेल, आणि मग त्यावर काहीतरी बोलता येईल. पण तिचा आवाज तसा नव्हता. आठ वर्षांच्या पोरीचा होता, मुद्द्याचं विचारणाऱ्या.

"मला एकच सांग बाबा. त्यांनी तुला परत चढ म्हणून सांगितलं होतं?"

"हो. माफी मागितली चक्क."

"आणि दार उघडं होतं."

"होतं."

"किती वेळ?"

खोटं सांगता आलं असतं. अर्धं मिनिट म्हटलं असतं, तर तिला ते धरून ठेवता आलं असतं, आज, आणि नंतरही. तिने तेवढ्याचसाठी विचारलं होतं, हे त्यालासुद्धा कळलं. पण एकतीस वर्षांत त्याने कुणालाही चुकीची वेळ सांगितली नव्हती.

"चार मिनिटं," तो म्हणाला. "वेळापत्रकात थांबा तीनचाच आहे."